झुरिकच्या रीटबर्ग संग्रहालयात अर्धा दिवस: कसं जावं, काय पाहावं, काय सोडावं

स्वित्झर्लंडच्या सहलीत झुरिकच्या वाट्याला बहुधा विमानतळ आणि एक रात्र येते. सकाळी नाश्ता उरकला की बस टिटलिसच्या दिशेने निघते आणि झुरिक मागे राहतं. ते ठीकच आहे, तिकडे लोक डोंगर पाहायलाच जातात. पण परतीच्या विमानाआधी अर्धा दिवस हाताशी असेल, मुलगा-सून तिकडे नोकरीला असल्याने महिनाभर मुक्काम असेल, किंवा ढगांनी डोंगराचा बेत पार धुऊन काढला असेल, तर रीटबर्ग संग्रहालय पाहून या. तळ्याजवळच्या एका टेकडीवर, रीटरपार्क नावाच्या सार्वजनिक बागेत ते आहे. आशिया, आफ्रिका, अमेरिका आणि ओशनिया इथली कला हा त्याचा विषय. युरोपातल्या नामवंत चित्रकारांची चित्रं हवी असतील तर शहरात कुन्स्टहाउस आहे, इथे ती शोधू नका.

"एवढे पैसे खर्चून युरोपात गेल्यावर भारतातल्याच मूर्ती कशाला पाहायच्या?" असं घरातलं कोणीतरी विचारतंच. एक तर इथे भारताच्या शेजारच्या दालनांत चीन, जपान, तिबेट, कोट दिव्वार, पेरू हे सगळं एकाच फेरीत पाहता येतं, आणि आफ्रिकेतली किंवा ओशनियातली अस्सल कामं आपल्याकडे पाहायला मिळणं दुर्मीळ. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 'अज्ञात कलाकार' असा शिक्का बसलेल्या कामांमागचा माणूस कोण, त्याचं नाव काय, हे शोधायचं काम या संग्रहालयाने अनेक दशकं चिकाटीने केलेलं आहे. खाली सांगितलेली पाहण्याची पद्धत त्यावरच बेतली आहे: दालनांतून नावं शोधत फिरायचं. कोणी घडवलं, कोणी दान दिलं, कोणी विकत घेतलं, कोणी लुटलं.

दिवस कोणता निवडावा

सोमवारी संग्रहालय बंद असतं. मंगळवार ते रविवार सकाळी १० ते संध्याकाळी ५, आणि बुधवारी रात्री ८ पर्यंत. नाताळ, नवीन वर्ष आणि स्थानिक सुट्ट्यांच्या दिवशी वेळा बदलतात, तेव्हा आदल्या दिवशी संकेतस्थळ बघून घ्या.

माझी पसंती रविवारला आहे, आणि कारण अगदी व्यवहारी आहे. रविवारी झुरिकमधली बहुतेक दुकानं बंद असतात. चॉकलेट-घड्याळांची खरेदी तशीही होणार नाही, मग तो दिवस संग्रहालयाला द्यावा आणि खरेदीला शनिवार ठेवावा. गर्दी नको असेल तर बुधवारची संध्याकाळ चांगली. मात्र हिवाळ्यात पाचच्या सुमारास अंधार पडू लागतो आणि बाग दिसत नाही. बाग हा या भेटीचा निम्मा भाग आहे, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जाणाऱ्यांनी सकाळीच निघावं.

तिकीट फक्त कायमच्या संग्रहाचं आणि विशेष प्रदर्शनासह, असं वेगवेगळं असतं, दरही प्रदर्शनानुसार बदलतो. सोळा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. स्विस ट्रॅव्हल पास घेतलेला असेल तर त्यात देशभरातल्या पाचशेच्या वर संग्रहालयांचा प्रवेश येतो. सहल कंपनीने तुमच्यासाठी पास काढला असेल तर तो नुसता रेल्वेचा पास समजून पिशवीत ठेवू नका, खिडकीवर दाखवा. पास नसेल आणि शहरात एक-दोन दिवसच असाल तर २४ किंवा ७२ तासांचं झुरिक कार्ड हिशोबात बसतं का ते पाहावं. त्यात ट्राम-बस-बोटीचा प्रवास येतो आणि संग्रहालयांत सवलत किंवा मोफत प्रवेश मिळतो.

वेळ किती लागतो? दोन तास किमान, तीन तास पुरे. त्याच्यापुढे डोळे बघतात पण डोक्यात काही शिरत नाही.

पोचायचं कसं

मुख्य स्टेशनाबाहेर बानहोफश्ट्रासवर ७ नंबरची ट्राम पकडा, दिशा वॉलिशोफनची. परादेप्लाट्झ ओलांडून, बानहोफ एंगे गेलं की पुढचाच थांबा 'म्युझियम रीटबर्ग'. दहा-बारा मिनिटांचा प्रवास आहे. उतरल्यावर पाट्या बघत पाच-सात मिनिटं चढ चढायचा. चढ खडा नाही, पण गुडघ्यांची तक्रार असलेल्या आजी-आजोबांनी सावकाश जावं. संग्रहालयाजवळ गाडी लावायला जागा मिळेल या भरवशावर गाडी घेऊन जाऊ नका.

विमानतळावरून थेट यायचं असेल तर मुख्य स्टेशनात गाडी बदलायचीही गरज नाही. एस-२ आणि एस-२४ या लोकल गाड्या विमानतळावरून निघून मुख्य स्टेशनमार्गे एंगे स्टेशनात येतात. तिथून एक थांबा ट्राम किंवा थोडी पायपीट. विमानाच्या आधीच्या मोकळ्या वेळात जाणाऱ्यांनी बॅगा विमानतळावरच्या सामानघरात किंवा मुख्य स्टेशनाच्या लॉकरमध्ये टाकून यावं. चाकांची बॅग घेऊन त्या टेकडीवर जाण्यात काही अर्थ नाही.

ट्रामच्या तिकिटाबद्दल एक सूचना, कारण आपल्याकडची माणसं इथे हमखास अडकतात. ट्राममध्ये कंडक्टर नसतो. तिकीट चढण्याआधी थांब्यावरच्या यंत्रातून किंवा मोबाइलवरून काढायचं. तपासनीस साध्या कपड्यांत येतात आणि "आम्ही परदेशी आहोत" ही सबब चालत नाही. जाऊन-येऊन प्रवास करायचा असेल तर २४ तासांचं तिकीट काढा. शहराच्या हद्दीत ते दोन एकेरी तिकिटांच्या किमतीतच पडतं आणि मग दिवसभर कुठेही फिरता येतं.

आधी बाग, मग तिकीट

चढून वर आलात की लगेच आत शिरू नका. वीस मिनिटं बागेला द्या. जवळपास सात हेक्टरचं हे उद्यान आहे, जुनी प्रचंड झाडं, मोठमोठी हिरवळ, आणि हवा स्वच्छ असेल तर झाडांच्या फटीतून तळं आणि पलीकडे बर्फाचे डोंगर. बागेला तिकीट नाही, फाटक नाही, हिरवळीवर बसायला कोणी हटकत नाही. डबा खायचा तर इथेच.

टेकडीवरची पांढरी हवेली म्हणजे व्हिला वेसेनडोंक. रेशमाच्या व्यापारात श्रीमंत झालेले ओटो वेसेनडोंक आणि त्यांची पत्नी माथिल्ड यांनी ती बांधून घेतली. १८५७ मध्ये ती पुरी झाली. शेजारच्या छोट्या घरात त्यांनी संगीतकार रिचर्ड वाग्नरला आसरा दिला. वाग्नर आणि माथिल्ड यांचं प्रेम जुळलं, वाग्नरने तिच्या पाच कवितांना चाली लावल्या, आणि 'ट्रिस्टन आणि इझोल्डे' या संगीतिकेचं काम याच दिवसांतलं. वर्षाभरात प्रकरण वाग्नरच्या बायकोच्या हाती लागलं आणि त्याला घर सोडावं लागलं. पुढे ही मालमत्ता रीटर कुटुंबाकडे गेली; बागेचं आजचं नाव त्यांच्यावरून आलं. १९१२ मध्ये जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म झुरिकला आला तेव्हा तो याच हवेलीत उतरला होता.

१९४५ मध्ये शहराने बाग विकत घेतली. त्याच सुमारास बँकर एदुआर्ड फॉन डेअर हाइट याने आपला कलासंग्रह झुरिकला देऊ केला, आणि तो कुठे ठेवायचा हा प्रश्न उभा राहिला. हवेलीचं संग्रहालय करायचं की नाही हे नागरिकांनी १९४९ मध्ये मतदानाने ठरवलं. १९५२ मध्ये दारं उघडली. पहिला संचालक योहानेस इटेन, म्हणजे जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकवणारा, रंगसिद्धान्तासाठी कलामहाविद्यालयांत ज्याचं नाव आजही घेतलं जातं तो. आपल्याकडच्या जे. जे.च्या विद्यार्थ्यांना हे नाव वेगळं सांगायला नको.

हवेलीच्या शेजारी एक हिरवट काचेची पेटी दिसेल. तेच प्रवेशद्वार, नाव 'स्मारागड', म्हणजे पाचू. २००७ मध्ये आल्फ्रेड ग्राट्सिओली आणि आडोल्फ क्रिशानिट्स या वास्तुरचनाकारांनी जमिनीखाली दोन मजले खणून संग्रहालयाची जागा दुपटीहून अधिक वाढवली आणि वर दिसायला एवढीच काच ठेवली. त्यांच्या आराखड्याचं नाव होतं 'पाचूची छत्रं', आणि ती ओळ माथिल्डच्या कवितेतली, वाग्नरने चाल दिलेल्या पाचांपैकी एका कवितेतली. केवढं काम जमिनीखाली गेलं आहे हे खाली उतरल्याशिवाय कळत नाही.

आत शिरताना

कोट, छत्री, पाठीवरची सॅक बाहेर ठेवावी लागते. लॉकरसाठी एक-दोन फ्रँकची नाणी खिशात असू द्या. पाण्याची बाटली दालनांत नेऊ नका. फोटोंचे नियम प्रदर्शनागणिक वेगळे असू शकतात, तेव्हा खिडकीवरच विचारून घ्या. फ्लॅश मात्र कुठेही मारायचा नाही.

नकाशाचा कागद घ्या. मांडणी अधूनमधून बदलते, म्हणून 'अमुक दालन डावीकडे' असं मी सांगत बसत नाही. ढोबळ रचना अशी: काचेच्या पेटीतून खाली उतरायचं, भूमिगत मजल्यांवर काही विभाग आणि विशेष प्रदर्शन, आणि खालूनच हवेलीत जायची वाट. पावसात बाहेर पडावं लागत नाही. दालनांतल्या पाट्या जर्मन आणि इंग्रजीत असतात.

आता क्रमाचं. आपली माणसं तडक भारताकडे जातात, नटराजासमोर फोटो काढतात, आणि उरलेलं संग्रहालय मान फिरवत उरकतात. तुम्ही उलट करा. ताज्या डोळ्यांनी अनोळखी देश पाहा आणि भारत शेवटी ठेवा. चीनच्या शिळा आणि आफ्रिकेचे मुखवटे पाहून झाल्यावर नटराज वेगळाच दिसतो, त्याच्याकडेही परक्या माणसासारखं बघता येतं.

पाटी कशी वाचावी

प्रत्येक पाटीवर सगळ्यात आधी शेवटची ओळ वाचा. वस्तू कुठून आली ते तिथे असतं: अमक्याची भेट, तमक्याची देणगी, खरेदीचं वर्ष. शेजारी नोंदणी क्रमांक असतो. त्याची अक्षरं विभाग सांगतात, आर-सी-एच म्हणजे चीन, आर-ए-एफ म्हणजे आफ्रिका. आवडलेल्या वस्तूच्या पाटीचा फोटो काढून ठेवा. संग्रह इंटरनेटवर उपलब्ध आहे, घरी आल्यावर क्रमांक टाकून अधिक माहिती मिळवता येते.

'फॉन डेअर हाइट' हे नाव तुम्हाला पुन्हा पुन्हा दिसेल. हा माणूस सरळ नव्हता. जर्मनीत जन्मलेला श्रीमंत बँकर, १९२६ मध्ये आस्कोना इथली मोंते वेरिता ही टेकडी विकत घेणारा, १९३७ मध्ये स्विस नागरिक झालेला, आणि १९३३ पासून काही वर्षं नाझी पक्षाचा सदस्यही. युद्धकाळातल्या आर्थिक व्यवहारांवरून त्याच्यावर स्वित्झर्लंडच्या लष्करी न्यायालयात खटला चालला, १९४८ मध्ये तो निर्दोष सुटला. आपला संग्रह त्याने घरात कोंडून न ठेवता युरोपभरच्या संग्रहालयांना उसना दिला होता. हा इतिहास संग्रहालय झाकत नाही, त्यावर संशोधन करून प्रदर्शनं भरवतं. देणगीदाराच्या नावापुढे हात जोडून मोकळं होण्याची आपली सवय इथे थोडी बाजूला ठेवावी लागते.

चीन: शिळेवरची माणसं

फॉन डेअर हाइटच्या संग्रहातली चिनी बौद्ध शिल्पं फार मोलाची आहेत. पाचव्या-सहाव्या शतकातल्या उभ्या शिळा पाहा. समोरून बुद्ध, बाजूला बोधिसत्त्व, वर उडणाऱ्या आकृती. बहुतेक लोक एवढं बघून पुढे जातात. तुम्ही खाली वाका आणि कडेने जा. अशा शिळांच्या तळाशी, बाजूंना, पाठीमागे बारीक अक्षरं आणि रांगेत उभी छोटी माणसं कोरलेली असतात. ही शिळेसाठी वर्गणी देणारी मंडळी. कधी एखादं कुटुंब, कधी गावातला भाविकांचा गट, प्रत्येकाचं नाव त्याच्या आकृतीशेजारी.

कार्ल्याच्या लेण्यात चैत्यगृहाच्या खांबांवर ब्राह्मी अक्षरं पाहिली असतील तर हे ओळखीचं वाटेल. तिथेही अमुक खांब धेनुकाकट गावच्या अमुक यवनाचं (म्हणजे ग्रीकाचं) दान, असं खांबाखांबावर लिहिलेलं आहे. काळ आणि देश वेगळा, पण धर्माचं मोठं काम वर्गणीतून उभं करायचं आणि नाव दगडात कोरून घ्यायचं हा व्यवहार तोच. नावं कोरायची ही रीत इथून तिकडे गेलेल्या धर्मासोबत गेली असं मी म्हणणार नाही. वर्गणी देणाऱ्याला नाव हवं असतं, एवढंच.

चिनी मातीची भांडी आवडत असतील तर मेइयिनतांग संग्रहाला वेळ द्या. आवडत नसतील तर दहा मिनिटं पुरे. जपानच्या विभागात नो नाटकाचे मुखवटे असतील तर ते चुकवू नका. समोर उभं राहून मान हळूहळू वर-खाली करा. मुखवट्याचा भाव तुमच्या कोनानुसार बदलतो. रंगमंचावर नट नेमका हाच खेळ मान झुकवून करतो.

आफ्रिका: मुखवटा एकटा नसतो

पश्चिम आफ्रिकेतल्या दान, सेनुफो, बाउले या समाजांचे मुखवटे काचेमागे टांगलेले दिसतात, आणि तिथेच घोटाळा होतो. जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून नाचायचा उत्सव, ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगावं लागणार नाही की मुखवट्याला वेष लागतो, वाद्य लागतं, रात्र लागते आणि भोवती गाव लागतं. इथे उरलं आहे ते फक्त लाकूड. म्हणून प्रत्येक मुखवट्यापुढे दोन गोष्टी शोधा. कडेची भोकं, म्हणजे कापड किंवा तंतू बांधायची जागा. आणि मागची बाजू दिसत असेल तर घामाने, हाताळण्याने काळवंडलेलं, गुळगुळीत झालेलं लाकूड. वापरलेला मुखवटा असा ओळखू येतो.

इथलं नावांचं काम हान्स हिमेलहेबर या जर्मन अभ्यासकापासून सुरू होतं. १९३०च्या दशकात तो कोट दिव्वारमध्ये गेला आणि कारागिरांना त्यांची नावं, त्यांचे गुरू, त्यांची आवडनिवड विचारू लागला. बाकीचे लोक 'अमुक जमातीची कला' एवढं लिहून थांबत असताना हा माणूस 'कोणाची?' असं विचारत होता. रीटबर्गचे पुढचे संचालक एबरहार्ड फिशर यांनीही दान लोकांमध्ये राहून असंच काम केलं.

बेनिनच्या वस्तूंपुढे थांबाच. १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने आजच्या नायजेरियातल्या बेनिनचा राजवाडा लुटला आणि तिथली हजारो कामं जगभरच्या बाजारात पसरली. त्यातली काही स्वित्झर्लंडलाही आली. २०२१ पासून आठ स्विस संग्रहालयांनी मिळून आपल्याकडच्या बेनिन वस्तूंचा माग काढायला सुरुवात केली, आणि त्याचं नेतृत्व रीटबर्गकडे होतं. नायजेरियातल्या अभ्यासकांना आणि राजघराण्याला सोबत घेऊन हे चाललं. कोहिनूर आणि भवानी तलवारीच्या गप्पा ज्यांच्या घरात रंगतात त्यांनी इथल्या पाट्या सावकाश वाचाव्यात.

एक गंमतही सांगतो. युरोपबाहेरच्या कलेच्या या संग्रहालयात स्विस मुखवटेही आहेत. लोचेनटाल खोऱ्यात हिवाळ्याच्या शेवटी लोक लाकडी, केसाळ, दात विचकणारे मुखवटे घालून गावभर धुमाकूळ घालतात, तसले. फॉन डेअर हाइटने तेही जमवले होते. मांडलेले असतील तर आफ्रिकेनंतर लगेच पाहा. आपल्या डोंगरातली माणसं आणि 'परके' लोक यांच्यातली रेघ कुठे ओढायची हे मग स्विस पाहुण्यालाही सांगता येत नाही.

भारत: नटराज पाठीमागून

आता आपल्याकडे. चोळ काळातला, बाराव्या शतकातला, तमिळ प्रदेशातला काशाचा नटराज हे रीटबर्गचं सगळ्यात ओळखीचं शिल्प. घाई करू नका, इथे पंधरा मिनिटं द्या.

समोरून मागच्या उजव्या हातात डमरू, मागच्या डाव्या हातात अग्नी. पुढचा उजवा अभय देणारा. पुढचा डावा हत्तीच्या सोंडेसारखा आडवा आलेला, बोटं उचललेल्या पायाकडे. उजव्या पायाखाली अपस्मार हा बुटका दैत्य. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. आता जरा जवळ जा आणि कान पाहा. शिवाच्या दोन कानांतली आभूषणं बहुधा वेगळी असतात, एक पुरुषाचं, एक स्त्रीचं. जटांमध्ये हात जोडलेली चिमुकली गंगा असते. इथे ती सापडते का ते शोधा. मग पायापाशी, पीठाकडे या. मिरवणुकीत मूर्ती पालखीवर बांधण्यासाठी पीठाला भोकं किंवा कड्या ठेवलेल्या असतात. त्यावरून ही उत्सवमूर्ती होती, गर्भगृहाबाहेर निघून गावातून फिरत होती, हे कळतं.

देवळात ही मूर्ती रेशमी वस्त्रं, हार, चंदन यांनी झाकलेली असते. भक्ताला चेहरा दिसतो, फार तर हात. आपण इथे पाहतो ते उघडं अंग, पाठीचा वळसा, कमरेचं कापड हे पाहणारे लोक बहुधा घडवणारा आणि मूर्तीला स्नान घालणारा पुजारी एवढेच असायचे. म्हणून मूर्तीमागे जाता येत असेल तर जाच. आणखी एक: मेणाचा पुतळा, त्याभोवती माती, मेण वितळवून त्या पोकळीत धातू, आणि शेवटी मातीचा साचा फोडायचा, अशी ही ओतण्याची रीत. साचा एकदाच वापरला जातो, त्यामुळे दुसरी हुबेहूब मूर्ती निघत नाही.

घारापुरीला किंवा वेरूळला नाचणारा शिव आपण पाहतो तो डोंगराच्या भिंतीचाच भाग असतो, त्याला कोणी उचलून नेऊ शकत नाही. तमिळ प्रदेशातला शिव मिरवण्यासाठी घडवला, हलता ठेवला. त्यातलेच काही हलत हलत इतक्या लांब आले.

वेरूळचा विषय निघालाच आहे तर अॅलिस बोनर हे नाव लक्षात ठेवा. ही स्विस शिल्पकार १९२६ मध्ये झुरिकमध्ये उदय शंकर यांचं नृत्य पाहून भारावली, पुढे त्यांच्यासोबत भारतभर फिरली, त्यांची नृत्यमंडळी उभी करायला मदत केली, आणि १९३६ पासून वाराणसीत गंगेकाठी राहिली. वेरूळ, बदामी, महाबलीपुरम इथल्या शिल्पपटांवर वर्तुळं आणि रेषा आखून तिने त्यांच्या रचनेमागची भूमिती मांडली. भारत सरकारने १९७४ मध्ये तिला पद्मभूषण दिलं. तिने जमवलेली भारतीय लघुचित्रं रीटबर्गला मिळाली. दक्षिण आशिया विभाग अनेक वर्षं सांभाळणारे योहानेस बेल्ट्झ यांनी त्याआधी महाराष्ट्रातल्या आंबेडकरी बौद्ध चळवळीवर संशोधन केलं होतं. महाराष्ट्राशी या टेकडीचा धागा असा दोन टोकांनी जुळतो.

चित्रं: नाव सापडलं कसं

लघुचित्रांवर फार उजेड पडून चालत नाही, रंग उडतात. म्हणून ती थोडी थोडी, काही महिन्यांसाठी काढतात आणि पुन्हा अंधारात ठेवतात. तुम्ही जाल तेव्हा कोणती असतील ते नशीब. बागेतच पार्क-व्हिला रीटर नावाचं वेगळं छोटं घर आहे, तिथेही चित्रांची लहान प्रदर्शनं भरत आली आहेत. ते उघडं आहे का हे तिकीट काढतानाच विचारा, नाहीतर बाहेर पडताना कळतं आणि पाय मागे फिरत नाहीत.

या विभागात एक भिंग सोबत असेल तर मजा दुप्पट होते. ही चित्रं हातात धरून, वीतभर अंतरावरून पाहण्यासाठी काढलेली आहेत. भिंतीवर टांगलेली असली तरी काचेला नाक न लावता जितकं जवळ जाता येईल तितकं जा.

नैनसुखचं चित्र मांडलेलं असेल तर बाकी सगळं सोडून त्याच्यापुढे उभे राहा. हिमालयाच्या पायथ्याच्या गुलेर संस्थानातला अठराव्या शतकातला हा चित्रकार, पंडित सेऊ याचा मुलगा, मानकूचा भाऊ. आश्रयदाता जसरोट्याचा बलवंतसिंग. राजा दरबारात बसलेला सगळेच रंगवतात. नैनसुखने त्याला पत्र लिहिताना, दाढी करून घेताना, आजारपणात गोधडी पांघरून बसलेला असाही काढला.

या घराण्याची साखळी जोडली ती कलाइतिहासकार बी. एन. गोस्वामी यांनी, आणि पुरावा मिळाला तो हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांत. आपल्याकडे त्र्यंबकेश्वराच्या उपाध्यांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी मिळतात, तशाच. पहाडी चित्रकार तीर्थाला गेले की नाव, गाव, बाप, आजोबा लिहून ठेवत. १७६३ मध्ये बलवंतसिंग वारल्यावर नैनसुख त्याच्या अस्थी घेऊन हरिद्वारला गेला, तेव्हाची त्याची नोंद सापडली आहे, सोबत त्याने काढलेलं चित्रही. गोस्वामी आणि फिशर यांनी मिळून पहाडी चित्रकारांचं नावानिशी प्रदर्शन १९९० मध्ये याच टेकडीवर भरवलं. तोवर जे 'गुलेर शैली', 'बसोहली शैली' होतं, त्यातली माणसं त्या भिंतींवर पहिल्यांदाच आपापल्या नावाने उभी राहिली.

काय सोडावं

सगळं पाहायचा हट्ट सोडावा. हिमालयातल्या बौद्ध मूर्तींचा बेर्टी आशमान यांचा संग्रह सुंदर आहे, पण नटराजानंतर त्याला न्याय देण्याइतकी शक्ती उरत नाही; तिबेटची ओढ असेल तर तो आफ्रिकेच्या आधी घ्या. विशेष प्रदर्शनाचा विषय आवडला तर कायमच्या संग्रहातून जपानची भांडीकुंडी आणि अमेरिका गाळा. मात्र 'शाउडेपो' नावाचं खुलं कोठार गाळू नका. एरवी गोदामात पडून राहणाऱ्या हजारो वस्तू काचेच्या कपाटांत खच्चून मांडल्या आहेत, आणि मुलांना दालनांपेक्षा हेच जास्त आवडतं. "चार हातांपेक्षा जास्त हात असलेल्या किती मूर्ती सापडतात ते मोजा" एवढं काम त्यांना द्या, अर्धा तास निवांत मिळतो.

जेवणखाण आणि पुढचा बेत

हवेलीत कॅफे आहे, उन्हाळ्यात बाहेर बसता येतं. कॉफी-केकला छान, पण शाकाहारी माणसाने पोटभर जेवणाची आशा धरून जाऊ नये, आणि बिल पाहून रुपयांत गुणाकार करू नये. थालीपीठ-चटणी बांधून नेऊन बागेत खाल्लीत तर कोणी काही म्हणत नाही, फक्त कागद-डबे कचरापेटीत टाका. शहरातल्या सार्वजनिक कारंज्यांचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटली तिथेच भरून घ्या.

घरातल्या कोणाला मूर्ती-चित्रांत रस नसेल तर त्याला ओढून नेऊ नका. एंगे स्टेशनाजवळ फिफाचं फुटबॉल संग्रहालय आहे, एका ट्रामथांब्याच्या अंतरावर. फुटबॉलवेड्या पोराला आणि त्याच्या बाबांना तिथे सोडा आणि चहाच्या वेळी भेटा. संग्रहालयातून निघाल्यावर उतारावरून बेल्वुआर पार्कमधून तळ्याकाठी चालत जाता येतं. वाटेवर मिथेनकेला निवडुंगांचा आणि रसाळ पानांच्या वनस्पतींचा शहराचा संग्रह आहे, काचघरांत, आणि त्याला तिकीट नाही. तो संध्याकाळी रीटबर्गच्या आधी बंद होतो, म्हणून दोन्ही पाहायचे असतील तर सकाळी निवडुंग, मग चढ चढून रीटबर्ग, आणि परतताना खाली उतरून ७ नंबरचीच ट्राम, या वेळी मुख्य स्टेशनाच्या बाजूची.